काढलेल्या लिंका

वळणावर गाडी झुकू नये म्हणून मिस्तरीने मेहुण्याच्या गाडीला नव्या, जाड ड्रॉप लिंका, म्हणजे चाकांजवळच्या लोखंडी दांड्या, बसवल्या आणि देवाचं नाव घेऊन त्याला घाटात चक्कर मारायला पिटाळलं. गाडी सुखरूप परतेपर्यंत काढलेला माल भंगारात टाकायचा नाही, ही त्याची रीत. म्हणून जुन्या दोन्ही लिंका टेबलावरच होत्या.

मेहुण्याचा फोन आला. "भावजी, गाडी लोण्यासारखी वळतेय. ताई उगीच तुम्हाला नावं ठेवते."

तेवढ्यात टेबलावरची एक लिंक आपोआप पिळवटली, काडकन तुटली आणि तिचा तुकडा मिस्तरीच्या कपाळात घुसला. रक्ताची धार डोळ्यात गेली.

"गाडी थांबव, राजा."

"फोन करायच्या आधीच थांबवलीय. खाली उतरून उभा आहे."

दुसरी लिंक हळूहळू पिळवटू लागली. तिच्या प्रत्येक पिळाबरोबर फोनमधून एकेक हाड मोडल्याचा आवाज येत होता, आणि मेहुणा हसतच होता.