नाव घेतल्यावर

सकाळपासून रेश्मा आजीला कापत होती, आणि तेही न विचारता.

लॅपटॉपवर भावाच्या, अनिलच्या लग्नाचं शूटिंग चालू होतं. मांडवात उभी राहून आजी, सकुबाई, धवळा हे लग्नातलं गाणं म्हणत होती. हळदीआधी घरातल्या गेलेल्या माणसांना नावानं लग्नाला बोलवायचं, हे तिचं काम. एक नाव घ्यायचं, थांबायचं, मग पुढचं. रेश्मा नेमकं ते थांबणंच काढत होती.

"मी काय गवारीची शेंग हाय गो? टोकं मोडतेस ती," दारात वाल सोलत बसलेली सकुबाई म्हणाली.

"आजी, तिथं तू नुसती गप उभी आहेस. वहिनीच्या माहेरचे तिकडे म्हसा गावात वाट बघतायत. आज पाठवायचाच आहे व्हिडिओ."

रेश्मा मुरबाडच्या स्टुडिओत जुन्या सॉफ्टवेअरवर शिकलेली. तिथं क्लिप कापायला तिचं टोक आत घेतलं की मध्ये काळी फट राहायची. हे नवीन तसं नव्हतं. टोक आत घेतलं की पुढचं सगळं आपोआप सरकून चिकटायचं. फट नाही, कापल्याची खूण नाही. रेश्मा खूश होती.

तिने लावून दाखवलं. पडद्यावरची सकुबाई भराभर नावं घेत सुटली, नाक्यावर जीपवाला गावं ओरडतो तशी.

सकुबाईचे हात थांबले.

"तुझ्या आज्याचं नाव कुठं गेलं?"

"आहे की. हे बघ." रेश्माने मागे नेऊन पुन्हा लावलं. धाऊ, आणि त्याला लागूनच पुढचं नाव.

नवऱ्याचं नाव सकुबाई एरवी तोंडावर आणत नाही. धवळ्यात तेवढं घेते.

"होता तसा कर."

"अगं, त्यात काहीच नाही, आजी. तू नुसती थांबलीस."

"थांबल्याबिगर कोन येल?"

रेश्माने क्लिपचं टोक धरून बाहेर ओढून पाहिलं. कापलेलं गेलं नव्हतं. ओढेल तसं ते उलगडत आलं आणि पुढच्या सगळ्या क्लिप बाजूला सरकल्या.

तिने लावलं.

"धाऊ" म्हणून पडद्यावरची सकुबाई गप्प झाली. मांडवावरच्या जांभळीच्या डहाळ्या हलल्या. खाली चटईवर धाऊची थोरली बहीण गोदू बसली होती. ती कुणाकडे न बघता जराशी सरकली, लुगड्याचा घोळ आवरला आणि शेजारी जागा केली. मग पुढचं नाव आलं.

रेश्माने तेवढंच पुन्हा एकदा लावलं.

सकुबाईने सुपातली पुढची शेंग उचलली.

"आता बराबर. मगाशी दारापर्यंत आलेल्या आज्याला तू माघारी धाडलंस."