सिंधुबाईचा शब्द

बिरदेवच्या पिंडाला कावळा काही शिवेना. साखरबाईच्या आणि सारजाच्या पिंडांवर ते सकाळीच तुटून पडले होते. तिघंही एकाच नावेत, एकाच वादळात गेलेली. पण बिरदेवचा भात तसाच वाळत चालला होता, आणि कावळे बाभळीवर बसून मजा बघत होते.

उजनीच्या पाण्याने वाडीला चारी बाजूंनी वेढलं त्याला पंधरा वर्षं झाली होती. वीस-बावीस घरांचं टेकाड तेवढं वर राहिलं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडलेली ही माणसं. पाण्याला अजून भीत. नाव एकच आणि ती चालवणारे दोघंच, बिरदेव आणि त्याचा धाकटा भाऊ झुंबर. आज दहाव्यालासुद्धा वाडी या इंदापूरकडच्या काठावर आली ती त्याच नावेतून. उलटलेली नाव झुंबरनेच सरळ करून आणली होती.

"घराचं ऱ्हायलेलं काम पुरं करतो म्हण," सर्जेरावतात्यांनी सुचवलं.

झुंबरने हात जोडून तसं म्हटलं. वहिनीला अंतर देणार नाही, असंही म्हटलं. मग कुणी पिंडाशेजारी बिडी ठेवली, कुणी भज्याचा तुकडा. ऊन डोक्यावर आलं. उपाशी माणसं एकमेकांवर खेकसू लागली.

"जरा तंबाखू मळून ठेवा की," तात्या म्हणाले.

बिरदेवची आई सिंधुबाई पार कावून गेली.

"जिता हुता तवा कुणी इतकं इचारलं न्हाय त्याला," ती म्हणाली. "आभाळ भरून आलंया, थांब, असं एक जण म्हणला न्हाय. बाजारात न्यायची भेंडी सुकंल म्हणून त्याला जेवत्या ताटावरनं उठवून नेला."

ती उठून पिंडापुढे गेली. हात जोडले नाहीत, कमरेवर ठेवले.

"बिरू, ऐक. ह्यो झुंबर आजपासनं नावंत पाय ठेवणार न्हाय. माझा शब्द हाय. आता तरी घे."

बाभळीवरून एक कावळा उतरला. मागोमाग चार.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पंगत बसली, जेवणं उरकली. बायकांनी भांडी घासून नावेत ठेवली. पहिल्या खेपेची माणसं चढून बसली आणि झुंबरची वाट बघू लागली. झुंबर काठावरच उभा होता. तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"आजच्या दिवस चालंल," तात्या हळूच म्हणाले. "मेलेल्याला काय कळतंय?"

"मघाशी तर त्याला समदं कळत हुतं," सिंधुबाई म्हणाली.

तिने झुंबरकडे पाहिलं. एक लेक पाण्याने नेला, आणि दुसऱ्याला तिने आपल्याच तोंडाने घराबाहेर काढलं होतं. तिला स्वतःचाच इतका राग आला की रडूसुद्धा फुटेना.

"वरकुट्याला मामाकडं जा," ती म्हणाली. "तितंच ऱ्हा. कापडं धाडते."

"आन तुमी समदी कशी जाणार, आये?"

ती नावेत चढली आणि तिने वल्हं उचललं. जन्मात कधी धरलं नव्हतं. नाव काठापासून सुटली आणि पुढे जायचं सोडून जागच्या जागी गर्रकन फिरली. बायकांनी डोळे मिटून घेतले.

"आये, दुसऱ्या अंगानं मार," म्हणत झुंबर गुडघाभर पाण्यात आला.

सिंधुबाईने वल्हं त्याच्यावर उगारलं.

"सांगायचं ते काठावरनं सांग," ती म्हणाली. "आदी पाण्याभाईर हो."