बोटाखालची लाट

"डोकं चपटं आहे या लाटेचं," उस्ताज वग्दी म्हणाले आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी डोळे चोळले. "आणि कडेला हे काटे. मागच्या वेळीही हेच होतं, पोरी."

टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याला जोडलेल्या दोन डब्या. उजवीकडची समोर बसलेल्या रिहाबने स्वतः बनवलेली, विजेची लाट दाखवणारा, हौशी लोकांना परवडेल असा ऑसिलोस्कोप. डावीकडची निळी डबी उस्ताजांची. दोघींच्या लाटा पडद्यावर शेजारी शेजारी. परीक्षा नेहमीचीच होती: वायरीच्या टोकाला उघडं बोट लावायचं. भिंतींतून खेळणारी वीज हवेतून अंगात किंचित उतरते, तिची लाट यंत्राने टिपून दाखवायची. निळ्या डबीची लाट गोल, गुळगुळीत. रिहाबची खडबडीत, माथ्यावर दाबल्यासारखी.

कैरोतल्या बाब अल-लूकच्या या बोळात उस्ताजांचा शब्द शेवटचा. स्वस्तातलं यंत्र घेण्याआधी हौशी मंडळी एवढंच विचारत, "उस्ताजांनी बोट लावलं का?" त्यांचं जुनं मोठं यंत्र बंद पडल्यापासून निळी डबी हेच त्यांचं माप. तिच्यासारखी लाट दिसली तर पास, नाहीतर नापास. नापास यंत्रं मागच्या फळीवर धूळ खात पडत, मालक ती न्यायलाही येत नसत. उस्ताजांना या सगळ्याचा वीट आला होता. रोज नवी डबी, रोज त्याच बढाया आणि रोज कुणाचा तरी उतरलेला चेहरा.

"कैरोची वीजच अशी आहे, उस्ताज," रिहाब म्हणाली. "घराघरांत दहा ठिकाणचे चार्जर, स्वस्तातले दिवे. लाटेचं डोकं चेपणारच. माझं यंत्र आहे तसं दाखवतं."

"सगळे हेच म्हणतात. यंत्र वाकडं आणि नाव विजेचं!"

पहिलं यंत्र नापास झालं तेव्हा रिहाबने ते मुळापासून पुन्हा बांधलं होतं. आता दम बाकी नव्हता. सौदीत, दम्मामला भावाने तिच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती, मसाल्यांच्या गोदामात. आज नापास झालं की तिच्या वर्कशॉपला कुलूप. आईने बॅग माळ्यावरून काढूनही ठेवली होती.

उस्ताजांनी हौशी मंडळींच्या ग्रुपवर निकाल लिहायला फोन उचलला. वाईट त्यांनाही वाटत होतं, पण वाईट वाटण्याचाही आताशा त्यांना थकवा यायचा.

"थांबा की. आधी चहा पाजा," रिहाब म्हणाली. "नापास करायचंय तर निदान तोंड गोड करून करा."

उस्ताजांना हसू आलं. त्यांनी फोन खाली ठेवला, दारातून हाक मारून पुदिन्याचे दोन चहा मागवले. चहा आला. उस्ताज फुर्रकन घोट घेत राहिले. रिहाबने ग्लासला ओठही लावला नाही. ती छताकडे बघत होती.

"वर काय बघतेस? पंखा मी अजून नापास केलेला नाही."

पंखा मंदावला आणि थांबला. बोळातले सगळे दिवे एकदम गेले. रोजच्या वीजकपातीची वेळ झाली होती. शेजारच्या दुकानांतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. वीज गेली की इथे कोणी कामाला हात लावत नाही. सगळे आपापले ग्लास घेऊन बोळाच्या तोंडाशी बसतात आणि वीज येईपर्यंत कपात करणाऱ्यांचा उद्धार करतात. उस्ताज तर खुर्ची टाकणाऱ्यांत पहिले. आजही ते ग्लास घेऊन उठले.

"बसा, उस्ताज. लॅपटॉप बॅटरीवर चालू आहे. एकदा बोट लावा."

"आत्ता? अख्ख्या मोहल्ल्यात वीज नाही. दिसणार काय, कप्पाळ?"

"तेच बघायचंय."

कुरकुरत ते परत बसले. त्यांनी रिहाबच्या डबीच्या वायरीला बोट लावलं. खडबडीत लाट नाहीशी झाली होती. पडद्याच्या उजव्या अर्ध्यात नुसती आडवी, सरळ रेघ.

"वीज नाही, तर लाट कुठून येणार," ते म्हणाले. "बरोबर आहे. एवढं तरी खरं बोलते तुझी डबी."

"आता तुमच्या डबीला लावा."

उस्ताजांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या ग्लासातला चहा तसाच भरलेला होता. चहा तिने वीज जाईपर्यंत वेळ काढायला मागितला होता, हे आता त्यांच्या लक्षात आलं. इतक्या वर्षांत वीज गेल्यावर त्यांनी निळ्या डबीला एकदाही हात लावला नव्हता. त्यांनी मागच्या फळीकडे पाहिलं. अंधारात तिथली यंत्रं दिसत नव्हती. मग त्यांनी हळूच बोट टेकवलं.

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "अहो उस्ताज, चला ना, तुमची खुर्ची टाकलीय!"

त्यांना उठवेना. वीज नसलेल्या बोळात त्यांच्या बोटाखाली निळ्या डबीची लाट चालली होती. गोल, गुळगुळीत, रोजच्यासारखीच देखणी.