मूठभर कोंडा

"काढू ना मग काशीबाईंचं नाव?" मृणालीने पुन्हा विचारलं.

धोंडूकाका पडद्याकडे बघत होते. पेणला तेव्हा इंटरनेट नुकतं आलेलं. रामवाडीतल्या मृणालीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ते फोनच्या तारेवर चालायचं, बिल आपलं वाढतच होतं, आणि साठी उलटलेला हा माणूस रोह्याहून एस्टीने येऊन नुसता बसून होता. नावाला जागला म्हणायचं.

शेजारच्या खुर्चीत काशीबाई. नव्वदीला टेकलेली म्हातारी, खाडीकाठच्या गावातून काकांनीच तिला रिक्षात घालून आणलं होतं. तिच्या पाठीमागे काही करायचं नाही, एवढं त्यांचं ठरलं होतं. चपला दाराबाहेर काढून ती खुर्चीवर मांडी घालून बसली होती.

"आये, पंखा लागतोय का गो?"

"लागू दे."

पडद्यावर काकांच्या घराण्याची, कोकणातल्या ज्यूंपैकी म्हणजे बेने इस्रायली पेणकरांची वंशावळ होती. इस्रायलात गेलेल्या काकांच्या चुलत पुतणीने, रिबेकाने, ती इंटरनेटवर मांडली होती, आणि जगभर पांगलेल्या नातेवाइकांनी आपापली घराणी तिला जोडली होती. एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी उतरवून घ्यायचं. त्यामुळे चूकही सगळीकडे पोचली होती. 'एलियाहू उर्फ धोंडू. आई: काशीबाई.' आणि बाजूला काकांची खरी आई, सारा. तिच्या नावाखाली चार मुलं, चारही लहानपणीच वारलेली. पुढे काही नाही.

बरं, यात रिबेकाचा काही दोष नव्हता. तिने पत्रात आईचं नाव विचारलं, काकांनी काशीबाई असं कळवलं. जन्मभर हेच सांगत आले होते. चार लेकरं पुरून झाल्यावर पाचवं झालं, तेव्हा साराने ते सुपात घालून तेलाच्या घाण्यामागच्या उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या काशीची पोरं जगत होती. तिने मूठभर कोंडा देऊन ते विकत घेतलं आणि नाव ठेवलं धोंडू. मरणाला वाटावं, साराचं न्यायला आता काही उरलं नाही. आपल्याकडे हे सगळेच करायचे, हिंदू काय न् इस्रायली काय. वाढला साराच्याच घरात, प्याला तिच्याच अंगावर, पण कुणी विचारलं की म्हणायचं, मी काशीचा. लग्नाच्या आधी तसाच मूठभर कोंडा देऊन पोर परत घ्यायचं असतं. तेवढं करायला सारा राहिली नाही. आणि जगली तोवर तिने एकदासुद्धा त्याला 'माझा पोर' म्हटलं नाही. मरण ऐकेल म्हणून. माया करायची ती तोंड शिवून, काय जीव जळला असेल त्या बाईचा.

"दोघींची नावं नाय ठेवता येत?" काकांनी विचारलं.

"आईची जागा एकच आहे, काका. मी पाहिलं सगळीकडे."

काशीबाईने पडद्याकडे हनुवटी उडवली. "काय लिवलाय त्यात? वाच."

मृणालीने वाचलं. "सारा. मुलं चार. चारही वारली."

"आन ह्यो?"

"ते तुमच्या नावाखाली आहेत, आजी."

म्हातारीने त्या उजेडाकडे डोळे बारीक करून पाहिलं. वाचता तिला येत नव्हतं.

"म्हंजे सारी तिथं रिकाम्या वटीची बसलीय?"

मृणालीने मान डोलावली.

"काढ माझा नाव," काशीबाई म्हणाली. मृणालीने हात पुढे केला, तसा तिने तो धरला. "असा नाय. धोंड्या, कोंडा आनलास का?"

आणला होता. रोह्याहून निघतानाच रुमालात बांधून खिशात घातला होता, पण बाहेर काढायला हात होत नव्हता. आता काकांनी गाठ सोडली. काशीबाई खुर्चीवरून उतरली आणि तिने पदर पसरला. काकांनी कोंडा पदरात घातला, थोडा कीबोर्डवर सांडला. मृणालीने तो झटकला नाही.

पदराला गाठ मारून म्हातारी पडद्यासमोर वाकली. "घे गो सारे तुझा पोर. नीट सांबालला मी." मग मृणालीला म्हणाली, "आता लिव."

मृणालीने लिहिलं. लाइन सुस्त होती, पान हळूहळू वरून खाली उघडत आलं. काशीबाईचं नाव कुठेच नव्हतं. साराच्या खाली पाचवी ओळ आली होती, 'एलियाहू उर्फ धोंडू', आणि त्यापुढे 'हयात'.

काकांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांनी आई मिळाली, आणि रडू आलं ते दुसरीसाठी.

काशीबाई तोवर दाराशी पोचली होती, पायाने चपला चाचपत होती.

"आये, थांब. मी येतो रिक्षापर्यंत."

तिने वळून पाहिलं नाही. एक चप्पल सापडली, दुसरी शोधू लागली.

"आजी," मृणाली म्हणाली, "काका हाक मारतायत."

"मना नाय," काशीबाई म्हणाली. "तो त्याच्या आयशीला हाक मारतोय."