मार्गळीची शाल

"यात सूत मिसळलेलं नाही ना?" शाल हातात घेण्याआधी शिवप्रसादअण्णांनी विचारलं.

"एक धागाही नाही," गायत्री म्हणाली. "सोवळ्याला लोकरच चालते. लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच शिकवलंत की."

अण्णा खूश झाले. ते गायत्रीचे चुलतसासरे. राहायला साक्कोट्टैला, पण कुंभकोणम्‌मधल्या विठ्ठलमठाचा कारभार त्यांच्याच हाती. मार्गळी महिन्यात मठात पहाटेचं भजन असतं, हवेत गारवा असतो, म्हणून देवाला शाल. ती गायत्री विणायची. वर्ष सरलं की उतरलेली शाल प्रसाद म्हणून अण्णांना मिळे. मागच्या वर्षीची आत्ताही त्यांच्या खांद्यावर होती.

गायत्रीने फिल्टर कापीचा पेला पुढे ठेवला. पुढच्या खोलीत तिचं सगळं काम मांडलेलं असे. खुर्चीवर कोडैकानलच्या गिऱ्हाइकाचं अर्धवट जाकीट, करड्या मेरिनोचं. टोपलीत तान्ह्या बाळाचे मोजे, बांबूच्या मऊ धाग्याचे. पण तिचा जीव हिमाचलच्या जाड्याभरड्या लोकरीवर.

"कितीही धुवा, मेंढीचा वास सोडत नाही," गुंडा नाकाशी धरून ती म्हणाली. "हिला लाज म्हणून नाही, अण्णा. म्हणून आवडते."

"उकाड्याच्या गावात स्वेटर!" अण्णांचा दरवर्षीचा विनोद. "पट्टीश्वरम्‌च्या म्हशींना घाल एकेक."

"मापं आणून द्या, घालते."

देवाची शाल मात्र या खोलीत कधी दिसली नाही. ती मागच्या खोलीत विणली जायची. सुया वेगळ्या, चटई वेगळी. एकदा अण्णा मागच्या दाराने आले, तर गायत्रीने सुया न थांबवता, जवळ येऊ नका, अशी मानेनेच खूण केली. केवढं कडक व्रत! मठात त्यांनी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल.

"पण वर्षभर का लागतं गं एका शालीला?"

"ठरलेल्या दिवसांतच विणते ना. एरवी हात लावत नाही."

"एकादशीला?"

गायत्री नुसती हसली आणि शालीची घडी सारखी करू लागली. काठावर तुळशीच्या मंजिऱ्या होत्या. ती नक्षी तिच्या मुलीने, वाणीने, काढून दिली होती. शालीचं ताट घराण्यातली एक मुलगी नेते. यंदा तो मान वाणीचा.

वाणी आली, पण दारातच थांबली. "अण्णा, आधीच सांगते. मघाशीच मला पाळी आली. लपवून ताट नेणार नाही. सांगून नेणार."

अण्णांचा पेला ओठांशीच थबकला. "शिव शिव! मागे हो आधी. ताट तुझी चुलतबहीण हरिणी नेईल."

"पाळी आलीय, ताप नाही आलेला. ताट उचलायला बळ आहे मला."

"देवाच्या वस्तूला तुझा हात लागता कामा नये."

"लोकरीला तर कशाचाच विटाळ नाही म्हणता!"

"ते माणसांच्या लोकरीचं. देवाची गोष्ट वेगळी. गायत्री, समजाव हिला."

गायत्री उठली. शेजारच्या घरातून हरिणीला हाक मारून तिने शाल तिच्या ताटात ठेवली.

वाणीचे डोळे भरून आले. "आई, तू सुद्धा?"

"मठात चल."

"आत घेणार नाहीत मला."

"दारात उभी राहा. परत मात्र फिरू नकोस."

मठ माणसांनी भरला होता. अण्णांनी शाल विठोबाच्या खांद्यावर घातली तेव्हा तिचा रंग असा उठून दिसला की टाळ क्षणभर थांबले. अण्णांचा ऊर भरून आला. ते माणसांकडे वळले.

"हे पावित्र्य आजकाल बघायला मिळत नाही. आमची सून वर्षभर व्रत धरून ही शाल विणते. गायत्री, ऊठ. आज तूच सांग सगळ्यांना."

गायत्री चार माणसांत कधी बोलत नसे. ती उठली, देवाला हात जोडले.

"आधी वाणीला आत घ्या, अण्णा. आरती तिच्या हातून होऊ दे."

"अगं, काय बोलतेस! देवाच्या अंगावर ही असली पवित्र शाल, आणि तिच्यासमोर ती मुलगी, या अवस्थेत?"

दारातून वाणी आईकडे बघत होती. गायत्रीचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण मठात सगळ्यांना ऐकू गेला.

"मग आधी तुमच्या खांद्यावरची शाल उतरवा, आणि नंतर देवाची. पाळी आली की तुमच्या शब्दाखातर मी ज्या मागच्या खोलीत बसते ना, अण्णा, तिथंच, त्याच दिवसांत दोन्ही विणल्यात. एरवी एक टाकासुद्धा घातलेला नाही."