सातवं गाणं

सुनेचं ते पत्र गुरुनाथांना आठवलं. एकाच घरात राहूनही सहा महिन्यांपूर्वी रुचाने ते त्यांच्या पुस्तकात ठेवलं होतं: ‘बाबा, तुमच्या जुन्या वहीतली कविता गाऊ का?’ जॅझ पियानो सोडून पॉप गाणारी ही मुलगी आपली चेष्टा करतेय, अशा संशयाने त्यांनी उत्तरच दिलं नव्हतं. आज तिचा नवा अल्बम आला. “सातवं गाणं तुमचं,” मुलगा हसत म्हणाला. म्हणजे होकाराविनाच वापरली. आपल्या ओळी पकडायला ते कान टवकारून बसले. सातव्यात नुसता पियानो वाजला. “शब्द?” त्यांनी विचारलं. “शब्दांचे मालक गप्प होते ना,” रुचा म्हणाली. “शनिवारी इथल्या ट्रली गावातल्या कार्यक्रमातही नुसतंच वाजवेन.” समोरासमोर बोलणं त्यांना जमणारं नव्हतं. ‘शनिवारी गा’ एवढंच लिहून त्यांनी पाकिटावर रुचाचं नाव आणि स्वतःच्याच घराचा पत्ता घातला आणि ते कोपऱ्यावरच्या हिरव्या टपालपेटीत टाकलं.