लोट्याचा नंबर

कोरोनामुळं लातूरच्या एका दवाखान्यात कॅन्सर वॉर्डाच्या निम्म्या खुर्च्या बंद झाल्या. कुणाची केमो थांबवायची ते डॉक्टरांनी ठरवलं. फोन करून सांगायचं मात्र यशोधरा सिस्टरच्या वाट्याला आलं. सकाळपासून ती तेच सांगत होती.

"गुरम्मा आजी, सध्या येऊ नका. पण तुमचा नंबर मी धरून ठेवते."

"म्हंजी दुष्काळात टँकरच्या रांगेला घागर लावून घरी जायचो, तसं?" निलंग्याहून आजी हसली.

"हाव, तसंच." सिस्टर खाकरली आणि तिनं पुढच्या पेशंटला फोन लावला.

पुढच्या आठवड्यात दूधगाडीवाल्याच्या हाती आजीचा पितळी लोटा आला. सिस्टरनं तो खिडकीजवळच्या बंद खुर्चीत ठेवला. "पेशंट आहे, नंबर लागलाय," असं ती सगळ्यांना सांगायची. राऊंडला आलेले डॉक्टरही लोट्याची तब्येत विचारायचे. तेवढंच हसायला मिळायचं. एकटी असली की मात्र ती त्याच्याकडं बघायचं टाळायची.

खुर्च्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आजी आली, वाळून अर्धी झालेली. लोटा बघून तिनं कपाळाला हात लावला.

"ह्यो हितं कशाला बसवलास गं?"

"तुमचा नंबर धरलाय त्यानं."

"येडी का खुळी! नंबराला घागर लावत्यात, लोटा न्हाई. फोनवर तुझा घसा लई कोरडा पडला होता. म्हनलं, पुढच्याला सांगायच्या आधी पोरगी घोटभर पानी तरी पिईल."